मदत हवी आहे: कॉम्प्युटर कॅबिनेटचे पंखे घरघरतात, बाळ दचकून उठतं

नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहते, घरूनच डीटीपीची कामं घेते. लेक आठ महिन्यांची, त्यामुळे पत्रिका-जाहिराती रात्रीच होतात. खोली एकच. पाळणा कॉम्प्युटरपासून सहा फुटांवर.

गेल्या महिन्यात तीन पंख्यांचं कॅबिनेट घेतलं. तिन्ही सतत फुल पळतात. ते एकवेळ चालेल, पण मोठी फाइल उघडली की प्रोसेसरचा पंखा एकदम चढतो, उतरतो, परत चढतो. लेक नेमकी त्या चढण्याला उठते आणि मग तासभर मांडीवरून खाली उतरत नाही.

पुढचे दोन पंखे मोलेक्सने (चार पिनांचा मोठा पॉवर प्लग) थेट पॉवर सप्लायला जोडलेत. मागचा तीन पिनांचा, मदरबोर्डवर आहे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) त्याच्यासमोर 'पीडब्ल्यूएम' मोड दिसतो. प्रोसेसरचं तापमान एरवी ४२, कामात ६५ अंश. जाळीवर हळदीची पिवळी धूळ बसते, ती दर रविवारी ब्रशने काढते. पंखे बंद करायची हिंमत होत नाही, वर पत्रा आहे आणि मे महिना तोंडावर. काय करू?

प्रतिसाद १
ताई, बरंचसं फुकटात होईल. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी केल्यावरच उतरतो. पीडब्ल्यूएम ही चार पिनांच्या पंख्यांची पद्धत, तिच्यावर बोर्ड त्याला कायम १२ व्होल्ट देतो. तिथे 'डीसी' करा, म्हणजे बोर्ड व्होल्टेज कमी करू शकेल.

मोलेक्सवरच्या पंख्याचा वेग बोर्डाला आवरताच येत नाही. त्या वायरींना तीन पिनांचं टोकही आहे का बघा. असलं तर वाय केबलने (एका जागेवर दोन पंखे जोडणारी वायर) बोर्डावर घ्या. बोर्डावरची एक जागा साधारण १ अँपिअर सोसते. पंख्याच्या स्टिकरवर आकडा असतो, दोन्हींची बेरीज करून मगच जोडा. आधी प्लग काढा.

चढउताराचं कारण म्हणजे प्रोसेसरचं तापमान क्षणात उड्या मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमधला फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंख्याचा किती वेग, तो आलेख) ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा. 'स्टेप अप' वेळ (वेग वाढवण्याआधी पंखा किती थांबतो ते) असेल तर वाढवा. ६५ ला प्रोसेसरला काही होत नाही.

धागाकर्ती
डीसी केलं, मागचा शांत झाला! पुढच्यांची टोकं टायने बांधून आत कोंबलेली सापडली. दोन्ही ०.१५ अँपिअर. वाय केबल आणून जोडली, पण ३० टक्क्यांवर एक पंखा नुसता थरथरतो. बोटाने ढकलला की फिरतो.

प्रतिसाद १
बोट घालू नका. चालू राहायला लागतं त्यापेक्षा सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. किमान ५० टक्के ठेवा, मशीन बंद-चालू करून दोन्ही आपणहून फिरतात का बघा.

धागाकर्ती
५५ वर दोन्ही फिरले. काल पत्रिकेची फाइल दोनदा उघडली, लेक झोपूनच होती. फार फार आभार.