‘राइट ऑफ वे’ला मराठीत काय म्हणावं?

भाची बारामतीला वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय. तिच्यासाठी हवाई नियमांची मराठी टिपणं काढायला बसले आणि ‘राइट ऑफ वे’पाशी, म्हणजे दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली तर आधी कुणी जायचं त्या नियमापाशी, अडले. शब्दकोशात ‘वहिवाटीचा हक्क’ मिळाला, पण तो बांधावरून गाडीवाट मागणाऱ्या शेतकऱ्याचा. आकाशात बांध कुठला? ‘मार्गाधिकार’ चालेल का?

---

दिसायला नीटस आहे, पण मला खटकतो. अधिकार म्हटलं की मोकळीक आली, आणि नियमात मोकळीक नाहीच. ज्याने आधी जायचं त्या विमानाने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा, हे त्याच्यावरचं बंधन. शिवाय टक्कर टाळायची जबाबदारी त्याच्याही वैमानिकावर राहतेच.

रात्रीचा प्रसंग घ्या. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याच्या टोकाला हिरवा. दोन विमानं साधारण एकाच उंचीवर आहेत आणि त्यांच्या वाटा एकमेकींना छेदणार आहेत. उजव्या हाताने येणाऱ्याचा डावा पंख तुमच्या बाजूला, म्हणून तुम्हाला लाल दिसतो : वाट तुम्ही द्यायची. त्याला तुमचा हिरवा दिसतो : त्याने सरळ जायचं. आणि तो लाल ठिपका काचेवर एकाच जागी खिळून राहिला, तर समजा दोघं एकाच बिंदूकडे निघालेत. सरकत असेल तर बहुधा चुकामूक होईल. खिळलेला दिवा सर्वांत वाईट, कारण न हलणारी गोष्ट डोळ्यांत भरत नाही.

---

‘मान’ कसा वाटतो? पुण्यात मानाच्या गणपतींचा क्रम असतो तसा इथेही आहेच की. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची, ग्लायडरने फुग्याला.

---

क्रम आहे, पण मोठेपणाचा नाही. फुगा वाऱ्याच्या हवाली असतो, त्याला बाजूला होताच येत नाही. हडपसरला ग्लायडर उडताना पाहिलेत, एकदा उंची गेली की परत मिळवायला त्यांच्याकडे इंजिन नसतं. ज्याला वळणं अवघड त्याला इतरांनी सांभाळून घ्यायचं, याला ‘मान’ म्हणणं मनाला पटत नाही.

माझं मत : नाम शोधूच नये, क्रियापद घ्यावं. ट्रकवाले ‘साईड देणे’ म्हणतात, आपण ‘वाट देणे’ म्हणू. एक ‘वाट देणारं’ विमान, दुसरं ‘वाट धरून जाणारं’. मागून येऊन पुढे जाणारं नेहमी वाट देणारं, मग ते कुठल्याही जातीचं असो.

---

पटलं. समोरासमोरचा नियम लिहून पाहिला आणि तिथे तर ‘अधिकार’ साफ कोलमडला, कारण अधिकार कुणालाच नाही. ‘दोन्ही विमानांनी उजवीकडे वळून एकमेकांना वाट द्यावी.’ एका वाक्यात बसलं. फक्त ‘उजवीकडे’खाली जाड रेघ मारलीय, भाचीने आयुष्यभर स्कूटी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवलीय.