मेलबर्न: सेंट किल्डाची सूर्यमाला आणि माउंट बर्नेटची वेधशाळा, सासूबाई आणि ८ वर्षांच्या मुलाला घेऊन जमेल का?

पॉइंटकुकची_प्राजक्ता

नमस्कार मंडळी. आम्ही पॉइंट कुकला राहतो, लेक आठ वर्षांचा, आणि गेले दोन महिने घरात ग्रह सोडून दुसरा विषय नाही. शाळेसाठी थर्माकोलच्या गोळ्यांची सूर्यमाला केली, त्यात गुरू आणि शनी एकमेकांना चिकटलेत आणि पृथ्वी क्रिकेटच्या बॉलएवढी, बाईंनी स्टिकर दिला म्हणून साहेब खूश. पण आता त्याला कुणीतरी वर्गात सांगितलंय की सेंट किल्डाच्या बीचवर "खऱ्या मापाची" सूर्यमाला आहे, तेव्हापासून रोज भुणभुण.

अडचण अशी की साताऱ्याहून सासूबाई आल्यात तीन महिन्यांसाठी, आईंना घरी एकटं ठेवून जायला नको वाटतं आणि त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. कुणी केलाय का तो ट्रेल? पूर्ण चालायला किती वेळ लागतो, मधेच सोडता येतो का? आणि डँडेनाँगच्या बाजूला माउंट बर्नेटला लोकांनी चालवलेली वेधशाळा आहे म्हणे, तिथे लहान मुलांना घेतात का, थंडी किती असते, कुठल्या तिथीला जावं? तिथीचं विचारायचं कारण आई संकष्टी करतात, चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाहीत, तर त्या दिवशी रात्री ड्राइव्ह नको.

ब्रन्सविकचा_बाळ्या

ट्रेल दोनदा केलाय, एकदा चालत एकदा सायकलने. सायकल बेस्ट. सूर्य सेंट किल्डा मरीनाजवळ आहे, तिथून समुद्राकडेने पोर्ट मेलबर्नच्या बाजूला जायचं, प्लुटोपर्यंत ५.९ किमी. आरामात थांबत थांबत दोन तास, मूल असेल तर तीन धरा, आइसक्रीमचे वेगळे. गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये अर्धा पगार जातो. सिटीतून ९६ नंबरची ट्राम सेंट किल्डाला, आणि पोर्ट मेलबर्नहून परत यायला १०९. ट्रामच्या स्टॉपपासून दोन्हीकडे थोडं चालावं लागतं, एवढंच.

सासूबाईंसाठी सांगतो, बुध शुक्र पृथ्वी मंगळ हे चारही पहिल्या सव्वादोनशे मीटरमध्ये संपतात. मंगळापर्यंत त्या सहज येतील. पुढे गुरूपर्यंत साडेपाचशे मीटर काही नाही, तिथे पोरं कंटाळतात.

आणि वारा!! जूनमध्ये बीचवर टोपी कानावरून ओढून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कान धरून बसाल.

कडू_कारलं

मला विचाराल तर ओव्हररेटेड. सहा किलोमीटर चालून शेवटी काय, मोहरीएवढा प्लुटो. पृथ्वी शोधायला डोळे बारीक करावे लागतात. आमची पोरगी म्हणाली बाबा हे तुटलंय का. त्यापेक्षा स्पॉट्सवुडच्या सायन्सवर्क्सला प्लॅनेटेरियम आहे, तिथे हीटर तरी आहे.

नरतुरंग

कारलेबुवा, तुमच्या पोरीचं निरीक्षण एकदम बरोबर आहे. ते मॉडेल ग्रह दाखवायला नाहीच मुळी, मधली मोकळी जागा दाखवायला आहे. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे असतात कारण पान छोटं असतं, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलंय, प्राजक्ताताईंच्या मुलाच्या थर्माकोलसारखं.

शिल्पकार कॅमेरॉन लँग आणि स्विनबर्न युनिव्हर्सिटीचे खगोलशास्त्रज्ञ ख्रिस फ्लूक यांनी मिळून केलेलं काम आहे हे. स्केल १ ला १ अब्ज, म्हणजे हिशोब तोंडी होतो: एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर, एक मीटर म्हणजे दहा लाख. सूर्य १.४ मीटर, पोराच्या डोक्यापेक्षा उंच. पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटर आणि सूर्यापासून १५० मीटर लांब. चंद्र साडेतीन मिलिमीटर, पृथ्वीपासून ३८ सेंटिमीटर. आणि माणूस आजवर गेलाय तो त्या ३८ सेंटिमीटरपर्यंतच, हे मुलाला तिथे उभं राहून हाताने मापून दाखवा.

आता आईंच्या गुडघ्यांचं. या स्केलवर प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर येतो, साधारण एक फूट. म्हणजे तुम्ही नेहमीसारखं चाललात तर प्रकाशाच्या चौपट वेगाने चाललात, जे चालणार नाही 😄 आईंना सूर्यापासून सेकंदाला एक फूट अशा सावकाश चालीने निघू द्या, मुलाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. पृथ्वीला पोचतील तेव्हा ८ मिनिटं २० सेकंद झालेली असतील. खऱ्या उन्हाला इथे यायला तेवढाच वेळ लागतो. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींना घेऊन हे केलं होतं, त्या वीस सेकंद आधी पोचल्या म्हणून पोरांनी त्यांना परत पाठवलं.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. सूर्याच्या शेजारीच प्रॉक्सिमा सेंटॉरीचं मॉडेल आहे, आपल्या सूर्याला सगळ्यात जवळचा तारा. लोक म्हणतात हा इथे कसा, हा तर पार लांब हवा. तर हा तारा ४.२४ प्रकाशवर्षं लांब, एक अब्जाने भागलं की येतात सुमारे ४०,००० किमी, आणि पृथ्वीचा घेर तेवढाच! म्हणजे सूर्यापासून निघायचं, प्लुटो मागे टाकायचा, अख्ख्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालून पुन्हा सेंट किल्डालाच यायचं, तेव्हा प्रॉक्सिमा. हा योगायोग एक अब्जाच्या स्केललाच जुळतो, दुसरं कुठलंही स्केल घेतलं की गेला.

वेधशाळेबद्दल. माउंट बर्नेटची वेधशाळा १९७०च्या दशकात मोनॅश युनिव्हर्सिटीने बांधली, १८ इंची दुर्बीण आहे. युनिव्हर्सिटीला नकोशी झाल्यावर २०११ मध्ये स्थानिक हौशी लोकांनी ती ताब्यात घेतली, आता सगळं स्वयंसेवक चालवतात. मुलांना घेतात, बिचकत नाहीत, उलट पोरांनी प्रश्न विचारले की ती माणसं खुलतात. मात्र जायच्या आधी त्यांच्या साइटवर कार्यक्रम आणि बुकिंग बघून जा, ऐनवेळी जाऊन दार वाजवायची जागा नाही ती.

तिथीचं म्हणाल तर चंद्रच बघायचा असेल तर शुक्ल पंचमी ते अष्टमी, तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात. पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो, आणि बाकी आकाशही धुऊन जातं. दीर्घिका, तारकागुच्छ वगैरे हवे असतील तर अमावस्येच्या आसपास. संकष्टीला जाऊ नका हे ठीकच, जूनमध्ये त्या दिवशी इथे चंद्र साडेआठ-नऊला उगवतो, आईंचे हाल होत नाहीत. डिसेंबरात घड्याळ तासभर पुढे असतं आणि सूर्यच पावणेनऊला मावळतो, तेव्हा संकष्टीचा चंद्र अकराच्या आसपास, माझी आई आली होती तेव्हा साबुदाण्यावर दिवस काढला तिने. हां, आणि वेळ इथली बघा, भारतातल्या कॅलेंडरवरची चालत नाही.

थंडीसाठी: घरी जेवढे कपडे लागतील वाटतं त्यावर अजून एक थर. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, पांढरा उजेड पाडलात तर सगळे एकदम ओरडतात. पॉइंट कुकहून दीड तास धरा आणि शेवटच्या डोंगरातल्या रस्त्यावर हळू, वॉलबी मधेच येतात.

टिळकरोडवाला

मेलबर्नला नसलेल्यांनी काय करायचं 😀 आम्ही पुण्यात सोसायटीच्या पोरांना घेऊन हेच स्केल स्वयंपाकघरातून केलं होतं. भिजवलेले काबुली चणे दोन, एक पृथ्वी एक शुक्र. मंगळ वाटाणा, बुध तुरीचा दाणा, चंद्र मूग, प्लुटो मोहरी. युरेनस नेपच्यून लिंबं. गुरूला मोठा सोललेला नारळ, शनीला त्याहून जरा लहान. सूर्य मात्र जमिनीवर खडूने काढावा लागला, १.४ मीटरचं काही घरात मिळेना. मंगळापर्यंत सोसायटीत मावलं, गुरू गेटबाहेर चहाच्या टपरीवर ठेवला, आणि शनी तर पार पुढच्या चौकाच्याही पलीकडे जायला लागला म्हणून पोरांनी तो खाल्ला.

बाकी हौशी लोकांनी वेधशाळा चालवणं आपल्याकडे नवीन नाही हो. आमची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, टिळक स्मारकच्या गच्चीवरून कित्येक पिढ्यांनी पहिल्यांदा शनीची कडी बघितली. मुंबईकरांचं खगोल मंडळ आहे, त्यांच्याबरोबर वांगणीला रात्र काढलेले इथे पण असतील बरेच.

ब्रन्सविकचा_बाळ्या

वांगणी!! शेवटची लोकल पकडून जायचो, सकाळी पहिल्या लोकलने झोपेत घरी. इथे येऊन पहिल्या रात्री आकाश बघितलं तर मृग नक्षत्र उलटं, चंद्रावरचा ससा उलटा, ध्रुवाचा पत्ताच नाही. दोन महिने चुकल्यासारखं वाटायचं.

पॉइंटकुकची_प्राजक्ता

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, दोन्ही करून आलो, म्हणून उशिरा लिहितेय.

ट्रेल: आई प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीपर्यंत आल्या, नऊ मिनिटं चार सेकंद, मधे एका कुत्र्याशी बोलायला थांबल्या त्यामुळे. मंगळापर्यंत आल्या आणि मग बाकावर बसून म्हणाल्या की हे सगळं ठीक आहे पण नवग्रहांत हा युरेनस कुठून आला आणि राहू-केतू कुठे ठेवलेत? लेक माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे. नरतुरंग, याचं उत्तर तुम्हीच द्या, मी कबूल केलंय की विचारून सांगते.

पुढे आम्ही तिघांनी शनीपर्यंत केलं (मोजून १.४ किमी), मग परत आलो. "एवढंच?" हे वाक्य मी पृथ्वीपाशी, गुरूपाशी आणि शनीपाशी ऐकलं, कारले साहेब तुमची आठवण आली. पण घरी आल्यावर त्याने थर्माकोलची सूर्यमाला स्वतःहून तोडली आणि म्हणाला हॉलमध्ये मावत नाही.

वेधशाळा: पहिल्या वेळी ढगांमुळे रद्द झालं, दुसऱ्या वेळी मिळालं. बाप रे थंडी. आईंना शाल, स्वेटर, माझं जॅकेट आणि वरून गाडीतली सोलापुरी चादर. चंद्रकोर बघितली, आई म्हणाल्या विवरं तव्यावरच्या घावनासारखी दिसतात. मग ओमेगा सेंटॉरी म्हणून एक गुच्छ, रवा सांडावा तसे तारे. लेकाने तिथल्या एका काकांना विचारलं की बीचवरचा प्रॉक्सिमा खरा कुठाय. ते काका इतके खूश झाले की त्यांनी यादीतलं पुढचं सोडून तोच लावला! आधी मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) दाखवला, तो डोळ्यांना एक दिसतो पण दुर्बिणीतून दोन आहेत, आणि मग तिथून थोडं बाजूला सरकवून एक फिकट लालसर ठिपका. शेजारच्या दहा ठिपक्यांसारखाच, त्यांनी सांगितलं नसतं तर कळलं पण नसतं कुठला. यावेळी "एवढंच?" नवरा म्हणाला. आई म्हणाल्या अरे पृथ्वीला फेरी मारून पलीकडे आहे तो, तुला काय दिव्याएवढा दिसणार?

नरतुरंग

वा! अकराव्या प्रतीचा तारा तो, साध्या डोळ्यांना कधीच दिसत नाही, सार्वजनिक कार्यक्रमात सहसा कुणी दाखवत पण नाही. तुमच्या पोराने काम केलं.

आईंना सांगा, राहू-केतू त्या मॉडेलमध्ये आहेत, फक्त त्यांना गोळे नाहीत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला पाच अंशांनी तिरकी आहे, आणि ती जिथे कापते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू, म्हणून तर ग्रहणं त्यांच्यापाशीच होतात. सेंट किल्डाला शोधायचे तर पृथ्वीच्या दोन बाजूंना ३८-३८ सेंटिमीटरवर. आणि तो पाच अंशांचा तिरकेपणा त्या स्केलवर म्हणजे चंद्र जास्तीत जास्त साडेतीन सेंटिमीटर वरखाली, दोन बोटं. त्या दोन बोटांमुळे दर अमावस्येला सूर्यग्रहण होत नाही. युरेनस हर्शेलला १७८१ मध्ये दुर्बिणीतून सापडला, आपल्या यादीत तो नसणारच.

पॉइंटकुकची_प्राजक्ता

वाचून दाखवलं. आई दोन बोटं आडवी धरून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या उद्या साताऱ्याला फोन करून वहिनींना सांगते.

एक शेवटचं, लेकाने वहीत हिशोब मांडलाय की व्हॉयेजर १ यान सूर्यापासून सुमारे २५ अब्ज किमी म्हणजे सेंट किल्डापासून २५ किमी. समुद्रावरून सरळ रेघ मारली तर आमचं घर साधारण २० किमीवर येतं. बरोबर आहे ना? त्याला वेरिबीच्या बाजूला कुठेतरी जाऊन झेंडा लावायचाय.

नरतुरंग

बरोबर आहे. दर वर्षी अर्धा किलोमीटर पुढे सरकवावा लागेल पण.

कडू_कारलं

म्हणजे तुम्ही रोज प्लुटोच्या पलीकडून सिटीत ऑफिसला येता. वेस्ट गेट ब्रिजवर तेवढाच वेळ लागतो म्हणा.