थोर पुस्तकं पुन्हा वाचावीत, की पुढचं हातात घ्यावं? (टोपणनावं घेतलेल्या तीन वाचकांचा वाद)

दुसरी आवृत्ती: मोठी कादंबरी एकदा वाचून 'वाचली' म्हणू नये, असं माझं ठाम मत. पहिल्या खेपेला आपण गोष्टीमागे धावत असतो. टॉल्स्टॉयची 'ॲना कारेनिना' घ्या. सुरुवातीलाच मॉस्कोच्या स्टेशनात रेल्वेचा एक कामगार गाडीखाली सापडून मरतो. त्याच्या बायकोसाठी काही करता येणार नाही का, असं ॲना पुटपुटते आणि तिला नुकताच भेटलेला तरुण लष्करी अधिकारी व्रॉन्स्की गुपचूप जाऊन २०० रूबल देऊन येतो. (ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचं वाक्य गाळा.) ॲनाचा शेवट रुळांवर होतो हे ठाऊक असताना हे पान वाचवत नाही. आणि ते पैसे विधवेसाठी होते, की ॲनाला कळावं म्हणून, हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

कोरं पान: उदाहरण छान, पण तुमच्यावरच उलटतंय. थोड्याच प्रकरणांनंतर ॲना किटीशी, म्हणजे व्रॉन्स्कीवर जीव जडलेल्या तरुणीशी, व्रॉन्स्कीबद्दल कौतुकाने बोलते, फक्त त्या २०० रूबलचा विषय टाळते. त्यात आपला काहीतरी संबंध आहे हे तिला जाणवतं, असं टॉल्स्टॉयने लिहूनच ठेवलंय. लक्ष देऊन वाचलं तर पहिल्यांदाच दिसतं. महिन्याला दोन पुस्तकं धरली तर ४० वर्षांत ९६० होतात. त्यातली निम्मी जागा जुन्यांना द्यायची?

दुसरी आवृत्ती: हे सगळं एकाच वाचनात लक्षात राहिलं? खरं सांगा हं!

कोरं पान: एकदाच, पण सावकाश. ही कादंबरी १८७५ ते १८७७ मासिकातून हप्त्याहप्त्याने येत होती. पहिल्या वाचकांनी कुठे एका बैठकीत फडशा पाडला? आधी घाईत वाचायचं आणि मग पुनर्वाचनाचे गोडवे गायचे!

दुसरी आवृत्ती: या चालीने तुमची ९६० ची ४८० होणार. हिशेब तोच.

कोरं पान: होऊ देत. ४८० वेगवेगळी तरी असतील.

चष्मा: तुम्ही दोघं आवडलेल्या पुस्तकांबद्दलच बोलताय. आवडतं पुस्तक पुन्हा वाचणं म्हणजे बऱ्याचदा स्वतःचे लाड, खुणा केलेली वाक्यं भेटली की आपण खूश. मी कंटाळून उलटलेली पानं पुन्हा वाचते. त्याच कादंबरीतल्या लेव्हिन या जमीनदाराची शेतीवरची प्रकरणं विशीत मी सरळ ओलांडली होती. आता ॲनापेक्षा त्याच्यातच जास्त जीव अडकतो. तेव्हा कितीही सावकाश वाचलं असतं तरी हे झालं नसतं.

कोरं पान: मग थोर पुस्तकं पन्नाशीनंतरच उघडावीत की! एकदाच, नीट.

चष्मा: आणि विशीत ॲनासाठी जो जीव तुटतो, तो पन्नाशीत पहिल्यांदा वाचून तसाच तुटेल?