लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही तेव्हा : अनुभव आणि उपाय

लिनक्स टाकायला बसलो, पेनड्राइव्हवरून सगळं नीट सुरू झालं आणि विभाजनाच्या पायरीवर यादी रिकामी. या एका जागी फार जणांची गाडी अडते, आणि बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. ज्यांनी ही अडचण वेगवेगळ्या यंत्रांवर सोडवली आहे त्यांनी कृपया इथे लिहावं. लक्षण काय, कारण काय, नेमकं काय केलं, एवढं आलं तरी पुरे.

सुरुवात मी करतो. 'डिस्क दिसत नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. बायोसला (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रणालीला) दिसत नाही, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसत नाही, की फक्त इन्स्टॉलरला दिसत नाही? हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचं मॉडेल नाव आहे का ते बघा. मग लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) टर्मिनल उघडून डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' चालवा. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल+ऑल्ट+एफ२ दाबून कन्सोलवर जा आणि 'कॅट /प्रॉक/पार्टिशन्स' द्या. ही कमांड कुठेही चालते. बायोसमध्ये नाव नसेल तर स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यायचा. बायोसमध्ये आहे पण इथे नाही, तर कंट्रोलरची पद्धत किंवा ड्रायव्हर. आणि इथेही डिस्क आहे, फक्त इन्स्टॉलरच्या यादीत नाही, तर डिस्कवरच्या जुन्या खुणा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं. बहुतेकींच्या आधी 'सुडो' लागेल.)

०००

लॅपटॉपवर दहातल्या बहुतेक वेळा कारण एकच निघतं : इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क इंटेलच्या स्वतःच्या व्यवस्थेमागे ठेवण्याच्या दोन पद्धती. दोन्ही एक समजू नका, वागणं वेगळं आहे.

जुन्या आरएसटीच्या रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या) पद्धतीत एनव्हीएमई (पीसीआय बसवरची वेगवान) डिस्क साटा (जुन्या प्रकारच्या डिस्कजोडाच्या) कंट्रोलरच्या आड ठेवली जाते. कर्नलला पीसीआय बसवर ती स्वतंत्र दिसतच नाही. 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये एएचसीआयच्या (साटाच्या साध्या पद्धतीच्या) ओळी वाचा. 'फाउंड १ रिमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइसेस' आणि त्याखाली 'स्विच युअर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम' अशा दोन ओळी असतील तर शोध तिथेच संपला. कर्नल स्वतःच उपाय सांगतोय. या पद्धतीत ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. बायोस बदलणं हाच मार्ग.

११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढे लॅपटॉपमध्ये व्हीएमडी आलं. इथे 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवल्यावर 'व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस' अशी रेड बस कंट्रोलरची नोंद दिसते आणि 'नॉन-व्होलाटाइल मेमरी कंट्रोलर' ही ओळ गायब असते. लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे नवा कर्नल असेल तर काही न बदलता डिस्क दिसूही शकते. 'मॉडप्रोब व्हीएमडी' देऊन (म्हणजे तो ड्रायव्हर चढवून) पुन्हा 'एलएसबीएलके' बघा. मॉड्यूल सापडत नाही असं उत्तर आलं तर इन्स्टॉलरच्या प्रतिमेत ते भरलेलंच नाही. एक तर नवी आयएसओ (इन्स्टॉलरची प्रतिमा-फाइल) घ्या, नाहीतर बायोसमधून व्हीएमडी बंद करा.

बायोसमधली जागा प्रत्येकाची निराळी. डेलमध्ये 'साटा ऑपरेशन' खाली 'रेड ऑन' च्या जागी 'एएचसीआय'. असुसमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'व्हीएमडी सेटअप मेनू'. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये पर्याय लपवलेला असतो. 'मेन' टॅबवर जाऊन कंट्रोल+एस दाबलं की तो उघडतो. काही मॉडेलमध्ये पर्याय दिलेलाच नसतो, तिथे नव्या कर्नलवरच भिस्त.

०००

वरच्या प्रतिसादाला अत्यंत महत्त्वाची पुरवणी. त्याच डिस्कवर विंडोज असेल आणि ती ठेवायची असेल तर बायोसमध्ये नुसतं एएचसीआय करून मोकळं होऊ नका. विंडोज सुरू होताना 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळ्या पडद्यावर थांबेल, कारण तिने सुरुवातीला लागणारा साठवणीचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचाच धरून ठेवलेला असतो.

क्रम असा ठेवा. प्रथम बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या. मग संरक्षण तात्पुरतं थांबवा, पण लक्षात घ्या की नेहमीच्या 'सस्पेंड' बटणाने ते एका रीस्टार्टपुरतंच थांबतं आणि इथे निदान दोन रीस्टार्ट लागतात. म्हणून प्रशासक म्हणून पॉवरशेल उघडून 'सस्पेंड-बिटलॉकर' ला 'रीबूटकाउंट ०' जोडा. आता 'एमएसकॉन्फिग', 'बूट' टॅब, 'सेफ बूट', 'मिनिमल'. रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा आणि व्हीएमडी किंवा रेड बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर उचलेल. तिथे 'एमएसकॉन्फिग' मधली खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट करा, मग बिटलॉकर परत चालू करा.

सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून, एकदा वापरून बघा. बाकी सगळं बरोबर करून माणसं इथेच दाराबाहेर अडकतात.

निळा पडदा आधीच आला असेल तरी घाबरू नका. बायोसमध्ये जुनी पद्धत परत लावली की विंडोज पूर्ववत सुरू होते. माहिती कुठेही गेलेली नसते.

०००

डेस्कटॉपवर आधी तारा. 'डीमेसेज' मध्ये साटाच्या ओळीत 'एसस्टेटस' हा आकडा येतो, तो वाचायला शिका.

० म्हणजे त्या पोर्टवर पलीकडे काहीच नाही : तार निघालेली, वीज नाही, किंवा डिस्क पूर्ण मेलेली. १ म्हणजे पलीकडे काहीतरी आहे असं कळतंय पण बोलणं जुळत नाही. तार किंवा डिस्कचा सर्किट बोर्ड. ११३ म्हणजे १.५ गिगाबिटवर जोडणी झाली, १२३ म्हणजे ३ आणि १३३ म्हणजे ६. सहा गिगाबिटची डिस्क आधी 'हार्ड रीसेटिंग लिंक', मग 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड' असं करत ११३ वर उतरत असेल तर तार बदला. दुसरी तार, दुसरं पोर्ट, दुसरा वीजजोड, याच क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. साटाची तार एक मीटरपेक्षा लांब नसावी.

डिस्क दिसायला लागल्यावर 'स्मार्टसीटीएल -ए' ने १९९ क्रमांकाचा गुण, म्हणजे सीआरसी चुकांचा (तारेतून येताना बिघडलेल्या माहितीचा) आकडा, बघून ठेवा. तार बदलल्यानंतर तो वाढायचा थांबला तर निदान बरोबर होतं. जुना आकडा शून्यावर येत नाही, तेव्हा फक्त वाढ बघायची.

०००

बाहेरच्या यूएसबी पेटीतून काढलेली मोठी डिस्क संगणकात लावली आणि ती फिरतच नाही, असं असेल तर साटाच्या वीजजोडाची तिसरी पिन बघा. नव्या मानकात त्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की डिस्क बंद राहते. दुरून वीज तोडण्याची ती सोय आहे. जुन्या पद्धतीचे वीजपुरवठे तिथे सतत ३.३ व्होल्ट देतात. चार पिनांच्या मोलेक्सवरून साटाला जाणारा जोड वापरला की प्रश्न मिटतो, कारण मोलेक्समध्ये ५ आणि १२ व्होल्टच असतात. नाहीतर डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी. साधी चिकटपट्टी उष्णतेने सरकते, ती नको.

०००

एम.२ बद्दल, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या कार्डासारख्या डिस्कबद्दल. खाच बघा. दोन खाचांची बहुतेक कार्डं साटा असतात, एका खाचेची एनव्हीएमई. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये छान बसतात, पण सॉकेट फक्त एनव्हीएमईचं असेल तर साटा कार्ड बायोसलाही दिसणार नाही. उलटही तसंच. मदरबोर्डच्या पुस्तिकेत सॉकेटनिहाय तक्ता असतो. त्याच तक्त्यात हेही लिहिलेलं असतं की अमुक सॉकेट भरलं तर अमुक साटा पोर्ट बंद पडतं, नवं एम.२ लावल्यावर जुनी साटा डिस्क नाहीशी होण्याचं कारण बहुधा हेच.

आणखी एक : बी५६० आणि झेड५९० बोर्डांवर प्रोसेसरला थेट जोडलेलं एम.२ सॉकेट ११व्या पिढीच्या प्रोसेसरबरोबरच चालतं. १०व्या पिढीचा प्रोसेसर असेल तर कार्ड दुसऱ्या सॉकेटमध्ये हलवा.

०००

आता तिसरा प्रकार, ज्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं. 'एलएसबीएलके' मध्ये डिस्क ठणठणीत, 'एफडिस्क -एल' मध्येही पूर्ण आकार, पण इन्स्टॉलरची यादी रिकामी. अशी डिस्क पूर्वी कधीतरी रेडमध्ये होती. 'एलएसबीएलके -एफ' चालवा. प्रकाराच्या रकान्यात 'आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर', 'डीडीएफ_रेड_मेंबर' किंवा 'लिनक्स_रेड_मेंबर' असं काही आलं तर इन्स्टॉलर तिला स्वतंत्र डिस्क न मानता मोडलेल्या संचाचा तुकडा समजतोय.

लोक म्हणतात, डिस्क तर आधीच पुसली होती. पुसली असते ती सुरुवातीची एक-दोन मेगाबाइट. इंटेलच्या रेडची खूण डिस्कच्या शेवटून दुसऱ्या सेक्टरवर असते. एमडीअ‍ॅडमच्या (लिनक्सच्या स्वतःच्या रेडच्या) १.२ आवृत्तीच्या खुणेची जागा सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर, पण १.० आणि ०.९० ची शेवटाकडे. जीपीटीचीही (विभाजनांच्या तक्त्याची) दुसरी प्रत शेवटच्या ३३ सेक्टरमध्ये असते. पुढचा भाग कितीही वेळा पुसला तरी शेपूट तसंच राहतं.

म्हणून 'वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी' असं कुठलाही पर्याय न देता चालवा. या रूपात ती काही पुसत नाही, फक्त सापडलेल्या खुणा आणि त्यांची जागा दाखवते. यादी वाचा. डिस्कचं नाव आणि आकार पुन्हा तपासा. त्यावरचं काहीही नको असेल तरच 'वाइपएफएस -ए'. 'रिसोर्स बिझी' असं उत्तर आलं तर लाइव्ह प्रणालीने तो अर्धवट संच आपोआप उभा केलेला आहे. 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' मध्ये बहुधा एमडी१२६ आणि एमडी१२७ दिसतील. 'एमडीअ‍ॅडम --स्टॉप' ने आधी १२६ आणि मग १२७ थांबवा. १२७ हा बाहेरचा डबा असतो, आतलं चालू असताना तो सोडत नाही. एलव्हीएम (लिनक्सची व्हॉल्यूम जोडण्याची व्यवस्था) असेल तर 'व्हीजीचेंज -एएन', स्वॅप पकडून बसला असेल तर 'स्वॅपऑफ -ए'. जीपीटीच्या दोन्ही प्रतींसाठी 'एसजीडिस्क --झॅप-ऑल'. मग इन्स्टॉलर पुन्हा सुरू करा. चालू इन्स्टॉलर जुनीच यादी धरून ठेवू शकतो.

संच खरोखर वापरात असेल, म्हणजे दोन डिस्क मिळून एक व्हॉल्यूम चालू असेल, तर यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आधी प्रत, मग पुढचं.

०००

छोटी भर : दोन एकसारख्या स्वस्त एनव्हीएमई डिस्क लावल्यावर एकच दिसते? 'डीमेसेज' मध्ये 'ग्लोबली ड्युप्लिकेट आयडीज' शोधा. उत्पादकाने सगळ्या नगांना एकच ओळखक्रमांक दिलेला असतो आणि कर्नल दुसरीला नाकारतो. नवा कर्नल असलेली आयएसओ घ्या. अशा मॉडेलांसाठी त्यात सवलती घातल्या आहेत.

०००

डिस्क आधी दिसते आणि मधेच नाहीशी होते, हेही इथे हवंच. एनव्हीएमईच्या ओळींत 'कंट्रोलर इज डाउन' आणि 'सीएसटीएस' पुढे एफच्या रांगा असतील तर डिस्क वीजबचतीच्या खोल अवस्थेत जाऊन परत येत नाही. बूट मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०' लिहा आणि एफ१० दाबा. तरीही जमलं नाही तर जोडीला 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ'. इन्स्टॉल झाल्यावर हेच 'ग्रब' (बूट मेनू दाखवणारा प्रोग्राम) च्या कायमच्या सेटिंगमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर पहिल्या रीस्टार्टला तोच प्रकार. डिस्कचं फर्मवेअर अद्ययावत केल्यावर अनेकदा हे पर्याय लागतही नाहीत.

०००

सर्व्हरसाठी दोन गोष्टी. हार्डवेअर रेड कार्डाला डिस्क जोडलेल्या असल्या तरी व्हर्च्युअल डिस्क तयार केल्याशिवाय ते प्रणालीला काही दाखवत नाही. कार्डाच्या मेनूत जाऊन व्हॉल्यूम करा, किंवा जमत असेल तर कार्ड एचबीए पद्धतीत (डिस्क जशाच्या तशा प्रणालीला दाखवणाऱ्या) न्या. झेडएफएस (डिस्कचे संच स्वतःच सांभाळणारी फाइल प्रणाली) वापरायचं असेल तर एचबीएच हवं; एकेका डिस्कचं रेड ० करून दाखवणं ही शेवटची तडजोड.

दुसरं, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून जुन्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले आहेत. 'एलएसपीसीआय' मध्ये कार्ड दिसतं पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसते. ईएलरेपो प्रकल्प अशा कार्डांसाठी 'डीडी' ने सुरू होणाऱ्या नावांच्या ड्रायव्हर डिस्क देतो. कार्डाचा चार-चार अंकी ओळखक्रमांक जुळवून योग्य ती घ्या, दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहा आणि बूट ओळीत 'इन्स्ट.डीडी' जोडा. पुढे कर्नल अद्ययावत करताना जुळणारं 'केमॉड' (त्याच ड्रायव्हरचं) पॅकेज आधी आलंय का ते बघूनच रीस्टार्ट करा.

०००

साठवण संचातून निघालेल्या जुन्या एसएएस (सर्व्हरच्या जोडणीच्या) डिस्कवर 'अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०' असं येतं. डिस्क शाबूत असते, पण 'एलएसबीएलके' मध्ये आकार ० दिसतो. 'एसजी_फॉरमॅट --फॉरमॅट --साइझ=५१२' आणि पुढे डिस्कचं एसजी नाव (/डेव्ह/एसजी२ सारखं). त्यावरची माहिती सगळी जाते. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, आणि मधे वीज गेली तर अर्धवट फॉरमॅट झालेली डिस्क वाचता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. यूपीएसवर लावा आणि रात्रभर सोडा.