मुंबईला एक मोठं इनडोअर स्टेडियम हवं, की वॉर्डावॉर्डात हॉल?

गिरणगावकर: काल वरळीच्या डोमवरून बसने गेलो आणि पुन्हा तेच डोक्यात आलं. १९५७ सालचं हे सरदार पटेल स्टेडियम. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना इथेच झाला, अंतिम सामनाही. (आपली यू मुंबा २४-३५ ने हरली, अजून झोंबतं.) २०१९ मध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले सामने इथेच. पण माणसं मावतात काही हजारच! त्यामुळे कोल्डप्लेसारखा बँड आला की चला नेरुळच्या क्रिकेट मैदानावर, गायक एड शिरन आला की रेसकोर्सवर. सिंगापूरकडे १९८९ पासून बारा हजारांचं इनडोअर स्टेडियम आहे. आपल्याला एक छप्पर जड का व्हावं?

खोखोवाली: छप्पर कुणासाठी, ते आधी बोला. 'बहुउद्देशीय' म्हणजे पहिलं लग्न, मग प्रदर्शन, मग कॉन्सर्ट. उरल्यासुरल्या तारखा खेळाला. माझी भाची पहाटे साडेपाचला बॅडमिंटनला जाते, हौस म्हणून नव्हे, कोर्ट तेव्हाच मिळतं म्हणून. तेवढ्या पैशात वॉर्डावॉर्डात हॉल बांधा, मॅट टाका. लालबाग-परळची कबड्डी काय वातानुकूलित हॉलमध्ये वाढली?

साउंडवाला: बारा वर्षं कॉन्सर्टचा साउंड लावतोय, म्हणून चार शब्द जास्त. उघड्या मैदानात दर वेळी शून्यापासून सुरुवात. ट्रस (स्पीकर-लाइट टांगायचा सांगाडा) भाड्याने, जनरेटर भाड्याने, आणि पावसाळ्याचे चार महिने आम्ही घरी. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे, आवाज आतल्या आत राहणार असेल तर. म्हणजे खरा प्रश्न भिंतींचा आणि छताचा. स्पीकर-लाइटचं टनावारी वजन छताला टांगायचं, तर ते डिझाइन करतानाच धरावं लागतं. नंतर जोडकाम करून जमत नाही.

पण ताईंचं एक पटतं. कबड्डीला चारही बाजूंनी, मॅटला खेटून प्रेक्षक हवेत. कॉन्सर्टचं स्टेज एका टोकाला लागतं आणि त्यामागच्या खुर्च्या वाया जातात. खालच्या रांगा आत ढकलता येणाऱ्या नसतील, तर दोन्हीकडून बोंब.

खोखोवाली: आणि एसीचं काय? वारा जरा तिरका आला की शटल भरकटतं. खेळाडू ओरडतात, एसी बंद करतात, मग प्रेक्षक घामाघूम.

हार्बरलाइन: नेरुळच्या शोनंतर शेवटची लोकल गाठायला धावलोय, त्यामुळे माझं मत छपराला. वरळीतून आता भुयारी मेट्रो जाते. फक्त शो सुटल्यावर ती चालू असली म्हणजे मिळवली.

गिरणगावकर: २०२० मध्ये याच डोममध्ये करोना रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या, हेही विसरू नका. मोठं छप्पर शहराला कधी लागेल, सांगता येत नाही. ताईंची भीती खरी असेल, तर करारातच घाला: वर्षाला शंभर दिवस स्थानिक स्पर्धा आणि सरावासाठी राखीव. झालं?

खोखोवाली: दिवस देतील हो. पण कुठले? परीक्षेचे, नाहीतर भर पावसातले मंगळवार. करारात शनिवार-रविवार लिहून घ्या, मग सही करते.