आमवातात पथ्य किती पाळावे आणि काढ्यांवर किती विसंबावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझ्या आईचे वय 58 आहे. गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून तिच्या दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. पोळ्या लाटणे दूरच, दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलणेही तिला जड जाते. सुरुवातीला आम्ही सर्वांनीच ‘वात आहे, वयाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून सोडून दिले. दोन महिन्यांपूर्वी रक्ततपासण्या केल्या. त्यांत आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. संधिवाततज्ज्ञांनी हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे सांगितले आणि आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहून दिल्या.

आईने त्या गोळ्या अद्याप सुरू केलेल्या नाहीत. ती औषधे गरम पडतात आणि एकदा लागली की जन्मभर सुटत नाहीत, असे तिच्या मनाने घेतले आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून तिने दही, ताक, चिंच, टोमॅटो, बटाटा, वांगे, भात, तूरडाळ आणि हरभराडाळ हे सारे बंद केले आहे. रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा, रात्री लसूण घालून उकळलेले दूध, अधूनमधून डिंकाचा लाडू आणि सुजलेल्या बोटांना कोमट तिळाच्या तेलाचे मालिश असा तिचा क्रम आहे. तीन महिन्यांत तिचे वजन पाच किलोंनी घटले असून ती फार थकते. केवळ आहार आणि नैसर्गिक उपाय यांवर हा आजार आटोक्यात राहिल्याचा कोणाला अनुभव आहे का? तसे होत नसेल, तर तिने खावे तरी काय?

जास्वंद (नाशिक)

ताई, मला हाच आजार 14 वर्षांपासून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिले सव्वा वर्ष मीही काढे आणि पथ्य यांवरच काढले. या आजारात दुखणे आपोआपच कमी-जास्त होत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एखाद्या आठवड्यात बरे वाटले की त्याचे श्रेय मी त्या आठवड्यात सोडलेल्या पदार्थाला देत असे, आणि पुन्हा सूज आली की आणखी एक पदार्थ सोडत असे. अशा रीतीने ताटात भाकरी, मुगाचे वरण आणि दुधी एवढेच उरले, हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेले, आणि त्याच काळात माझ्या डाव्या हाताची दोन बोटे वाकली, ती आजही सरळ होत नाहीत. हा आजार म्हणजे हाडांची झीज नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते, ते अस्तर सुजून वाढते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. एकदा कुरतडलेले हाड कोणत्याही आहाराने भरून येत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आईंचे हे महिने आत्ता चालले आहेत, हे लिहिताना मला खरोखर काळजी वाटते.

आता आहाराविषयी. आईंचे वजन पाच किलोंनी घटले आहे, त्यात स्नायूही गेले असणार, कारण आजार स्वतःच स्नायू झिजवतो आणि त्यांनी डाळीही सोडल्या आहेत. डाळी आणि ताक यांनी रुमॅटॉइडची सूज वाढते, असे माझ्या अनुभवात आलेले नाही आणि माझ्या तज्ज्ञांनीही ते बंद करायला कधी सांगितले नाही. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ किंवा मोडाची मटकी-मूग असू द्यावेत, चालत असेल तर अंडे द्यावे. भाकरी ज्वारीबरोबर नाचणीचीही करावी. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठातून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि या आजारात हाडे ठिसूळ होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. आंबट पदार्थांचा ज्यांना खरेच त्रास होतो अशी माणसे असतात, हे मी नाकारत नाही. परंतु ते पारखण्याची रीत आहे: एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे सोडावा, मग पुन्हा खाऊन पाहावा, आणि सकाळचा ताठरपणा किती मिनिटे राहिला ते रोज वहीत लिहावे. मी असे केले तेव्हा टोमॅटो, चिंच आणि दही हे तिन्ही निर्दोष ठरले.

मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा अवश्य खाव्यात, कारण त्यांतले ओमेगा-3 सूज कमी करण्यास मदत करते. मात्र ज्या अभ्यासांत सांध्यांना स्पष्ट फायदा दिसला, त्यांत दिवसाला सुमारे तीन ग्रॅम ओमेगा-3 कॅप्सूलमधून दिलेले होते, आणि तेवढे दोन वेळच्या माशांतून मिळत नाही. जवसाची चटणी चांगलीच आहे, पण जवसातले ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे असून शरीर त्याचा थोडाच भाग माशांतल्या प्रकारात बदलू शकते. हळदीचेही तसेच आहे. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा सूज कमी करणारा घटक, साधारण तीन टक्के असते, म्हणजे चमचाभर हळदीतून शंभर मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि गुडघेदुखीवरच्या चाचण्यांत दिवसाला हजार-दीड हजार मिलिग्रॅम वापरलेले आहे. हळदीचे दूध खुशाल प्यावे, मात्र ते औषध समजू नये. मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नयेत, कारण त्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला यकृत जपावेच लागते.

गोळ्या ‘सुटत नाहीत’ या भीतीबद्दल एवढेच सांगते, की माझा डोस गेल्या सहा वर्षांत दोनदा कमी झाला आहे आणि मी रोज स्वतःच्या हाताने पोळ्या लाटते.

निर्गुंडी (पुणे)

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून गेली 22 वर्षे चिकित्सा करतो. वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे.

मराठीत आपण सर्वच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतो आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. झिजेमुळे गुडघे दुखतात तो संधिगत वात, आपल्या आईंना आहे त्याच्याशी बराच जुळणारा तो आमवात, आणि पायाचा अंगठा लाल होऊन रात्री असह्य ठणकतो ते वातरक्त. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे तो याचसाठी, की त्याचे उपाय इतर वातविकारांच्या नेमके उलट जातात. संधिगत वातात तेल हे मुख्य साधन असते. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल ठेवतात, ती जानुबस्ती आपण ऐकली असेल. आमवातात मात्र आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा शरीरात साचलेला अंश, असेपर्यंत तेलाचे मालिश वर्ज्य सांगितले आहे आणि कोरडा शेक द्यायला सांगितला आहे. तेव्हा आईंच्या सुजलेल्या, गरम लागणाऱ्या बोटांना तेल चोळणे आजच थांबवावे. त्याऐवजी जाड सुती कापडात वाळू बांधून, ती तव्यावर सोसवेल इतकीच तापवून, सकाळी ताठर बोटांना दहा मिनिटे शेक द्यावा. सूज फार लाल आणि गरम असेल त्या दिवशी शेकही देऊ नये.

ग्रंथांनी आमवातात दही, गूळ, उडीद, दूध आणि मासे टाळायला सांगितले आहे. ताक, जुने तांदूळ, जव, कुळीथ, लसूण, सुंठ, पडवळ, कारले, शेवगा आणि घेटुळीची भाजी हे पथ्यकर मानले आहे. म्हणजे आईंनी सोडलेला भात जुन्या तांदळाचा असेल तर शास्त्राने वर्ज्य केलेला नाही, आणि ताक तर मुळीच नाही. उलट रात्रीचे दूध आणि डिंकाचा गुळातला लाडू यांचाच विचार करावा लागेल. माशांविषयी माझे ग्रंथ आणि आधुनिक अभ्यास यांचा मेळ बसत नाही, हे मी मान्य करतो. ज्या रुग्णांना मासे पचतात त्यांना मी ते दुधाविना खाऊ देतो. ग्रंथांनी आमवातात लंघनही सांगितले आहे, पण त्याचा अर्थ उपास असा घेऊ नये. पाच किलो वजन घटलेल्या व्यक्तीला उपास किंवा एरंडेलाचा रेच मी देणार नाही. तिला सुंठ घालून उकळलेले पाणी, कुळथाचे कढण, मऊ भात आणि मुगाचे घट्ट वरण असे पचेल पण पोषण करील तेच द्यावे लागते.

गुळवेलीबाबत विशेष सावध करतो. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले होते, आणि त्यांतील काहींना आधीपासून स्वप्रतिरक्षेचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उठण्याचे, आजार होते. ती वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही बाजारात येतात हे खरेच आहे. तरीही आईंचा आजार स्वप्रतिरक्षेचाच आहे, आणि मेथोट्रेक्सेट सुरू होणार असेल तर मी काढा बंद करून यकृताची तपासणी प्रथम करायला सांगेन.

आमची औषधे निष्फळ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शल्लकी, सुंठ, गुळवेल आणि आवळा यांपासून केलेल्या औषधांची 440 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी घेतली. ती 2013 साली प्रसिद्ध झाली. त्यांचा वेदनेवरील परिणाम ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या सांधेदुखीच्या प्रचलित औषधांच्या तोडीचा निघाला, पण काही रुग्णांत यकृताला त्रास होत असल्याचे दाखवणारे रक्तातील एसजीपीटी वाढले, हेही त्याच शोधनिबंधात नमूद आहे. शिवाय ती चाचणी गुडघ्याच्या झिजेवर होती, आमवातावर नव्हे. आमवातात मी स्वतः रुग्णाला संधिवाततज्ज्ञांचे औषध चालू ठेवायला सांगतो आणि माझ्या औषधाची चिठ्ठी त्यांना दाखवूनच पुढे जातो.

तेरणाकाठ (धाराशिव)

निर्गुंडी यांनी वातरक्ताचा उल्लेख केला, म्हणून एक पुरवणी जोडतो, कारण वरचा सल्ला वाचून कोणी तो युरिक ॲसिडच्या रुग्णाला लागू करू नये. माझ्या वडिलांना गाऊट आहे. युरिक ॲसिड 6.8 च्या वर गेले की त्याचे स्फटिक सांध्यांत साचू लागतात, म्हणून ते कायम सहाच्या खाली ठेवायला आम्हांला सांगितले आहे. तारली आणि बांगडा, रुमॅटॉइडमध्ये हितकर असले तरी, येथे बेताने खावे लागतात. कलेजी, कोळंबी, बिअर आणि बाटलीबंद गोड पेये तर बंदच. डाळी मात्र आमच्याकडे उगाचच तीन वर्षे बंद होत्या. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 47 हजारांहून अधिक पुरुषांच्या 12 वर्षांच्या अमेरिकी अभ्यासात मांस आणि मासळीने गाऊट वाढल्याचे दिसले, डाळी-कडधान्यांनी नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी तर तो कमी झाला. आता वडील रोज वरण आणि ताक घेतात.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. आजपासून तेलाचे मालिश आणि काढा थांबवला आहे. दुपारी तिने तीन महिन्यांनी वरण-भात खाल्ला.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. आत्ता आईशी बोलताना कळले, की ती गेले सहा आठवडे एका गावाहून मागवलेल्या ‘शुद्ध वनौषधी’च्या पुड्या घेत आहे. त्यांच्यावर काहीही छापलेले नाही. पहिल्या पुडीनंतर दोनच दिवसांत तिची सूज उतरली, म्हणून तिचा त्यांवर फार विश्वास बसला. मात्र गेल्या पंधरवड्यात तिचा चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसू लागला आहे. त्या पुड्याही आजच बंद कराव्यात का?

निर्गुंडी (पुणे)

नाही, त्या एकदम बंद करू नका, आणि हे कृपया गांभीर्याने घ्या. कोणतीही वनस्पती आमवाताची सूज दोन दिवसांत उतरवत नाही. दोन दिवसांत आराम आणि त्यानंतर गोल चेहरा, या वर्णनावरून पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका येते. सहा आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचे स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनणे मंदावते. पुडी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, ग्लानी असा धोका संभवतो. उद्याच आईंना संधिवाततज्ज्ञांकडे न्या, उरलेल्या पुड्या सोबत ठेवा आणि दिवसाला किती घेतल्या ते नेमके सांगा. रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून, स्टेरॉइड पायरीपायरीने कसे उतरवायचे ते तेच ठरवतील. उद्यापूर्वी चक्कर, उलट्या किंवा फार ग्लानी वाटली तर रात्रीच रुग्णालय गाठा.

जास्वंद (नाशिक)

ताई, उद्या जालच, तर दोन गोष्टी विचारून या. मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या कोणत्या तपासण्या करायच्या आणि पुढे दर किती आठवड्यांनी, हे लिहून घ्या. आणि फॉलिक ॲसिडची गोळी कोणत्या वारी घ्यायची तेही. गोळ्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा धीर सुटेल. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. माझ्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर सोमवारी लाल शाईने खूण केलेली असते, आणि गोळी घेतली की माझा नातू ती खोडतो.

कृष्णाकाठ (सांगली)

उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. पुड्या एका डब्यात घालून पिशवीत ठेवल्या आहेत. आईने स्वतःहून दिनदर्शिका उतरवून घेतली आणि गुरुवार चालेल का, असे विचारले.