उष्ण देशातलं गार रान: तुमचे अनुभव लिहा

करवीरची लेक

मंडळी, सुट्टीत आमच्या घरी श्रीलंकेचं ठरतंय आणि यादी नुसत्या समुद्रकिनाऱ्यांनी भरलीय. मला मात्र वर डोंगरात जायचंय. दर 1000 मीटर चढलं की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते, त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या देशातही उंचावरच्या रानात स्वेटर लागतो, एवढं वाचून माहीत आहे. आपल्यापैकी कुणी अशी राष्ट्रीय उद्यानं पाहिलीत का? श्रीलंकेतलं हॉर्टन प्लेन्स, थायलंडचं डोई इंथानोन, कुठलंही चालेल. आपण गगनबावड्याच्या धुक्यात वाढलेली माणसं, तेव्हा नुसतं ‘छान होतं’ म्हणून सोडू नका. आईला न्यावं का, तेही सांगा. तिचे गुडघे दुखतात.

मसाई पठार

हॉर्टन प्लेन्सला जायचं तर मुक्काम नुवारा एलिया या डोंगरातल्या गावात करा आणि पहाटे पाचच्या आत गाडीत बसा. नऊ-दहाच्या सुमाराला दरीतून ढग वर येतात. ‘वर्ल्ड्स एंड’ नावाचा कडा आहे, तिथं पठार एकाएकी तुटतं आणि खाली 800 मीटरांहून खोल दरी. ढग आले की काही दिसत नाही, म्हणून सगळे ड्रायव्हर तिकडं पिटाळतात. कडा पाहाच. पण माझं मन रमलं ते त्याच्या आधीच्या वाटेवर.

पठार 2100 ते 2300 मीटर उंचीवर आहे. गवताचा माळ, आणि मधूनमधून बुटकं, दाट जंगल. वाऱ्यानं वाकलेल्या फांद्यांना शेवाळ लागलेलं, त्यातून राखाडी-हिरवे तंतू लोंबतात. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातलेच ते. मधेच लाल फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन उभं असतं. या जंगलाच्या तळाशी नेलूची झुडपं दाटीनं वाढतात, आणि ती पाहून मी थबकलो, कारण ती आपल्या कारवीची भावंडं आहेत. दोन्ही स्ट्रोबिलँथिस नावाच्या एकाच वनस्पती-गटातल्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. नेलूच्या काही जाती बारा वर्षं थांबतात. केरळात इरविकुलमच्या डोंगरांवर 2018 साली फुललेली नीलकुरिंजीही याच गोतातली. सह्याद्रीच्या टोकापासून समुद्रापलीकडच्या त्या पठारापर्यंत एकच घराणं पसरलंय, हे मला तिथं उभं राहून कळलं. पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांना पटलं नव्हतं.

आणखी एक. दाजीपूरचं रान भोगावतीला पोसतं, तसं हे पठार महावेली, केलानी आणि वलावे या तीन नद्यांना पोसतं. ढगातलं पाणी पानांवर जमतं आणि ठिबकत राहतं, पाऊस नसतानाही. म्हणून हे बुटकं जंगल माझ्या लेखी त्या कड्याहून मोठं आहे. वाटेत पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं दिसली तर त्यांचे फोटो काढून कौतुक करू नका. तो गॉर्स, इंग्रजांच्या काळात आलेला. माळ गिळत चाललाय आणि तिथले लोक तो मेहनतीनं उपटून काढतात.

मंडपामागचा

लय गारठा हाय तिथं, सांगून ठेवतो. कानटोपी पायजेच. मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? दारातली झडती. वन्यजीव खात्याची माणसं पिशव्या उघडून बघत्यात. प्लास्टिकची पिशवी आत न्यायची न्हाई, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा काढून घेत्यात. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सुती फडक्यात बांधून दिलेली, ती तशीच आत गेली. सगळी वाट चाललो, कचऱ्याचा कपटा दिसला न्हाई. पन्हाळ्यावर, मसाईवर असं का हुईत न्हाई, हे डोक्यातनं जाईना.

दाराजवळच्या माळावर सांबरं चरत्यात, माणसाला बुजत न्हाईत. एकजण बिस्किटं चारत हुता, त्याला मी जाऊन सांगितलं, बाबा, नको. अशा सवयीनं ती प्लास्टिकबी खात्यात आणि मरत्यात.

करवीरची लेक

दादा, झडतीचं वाचून बरं वाटलं. पण चाल किती आहे? आई चालेल का?

मसाई पठार

फेरी साधारण 9 किलोमीटरची, वाट दगडधोंड्यांची आणि मुळांची. ताईंच्या आईंना पूर्ण फेरी नको. पण पट्टीपोलाच्या बाजूनं आत शिरलं की गाडीरस्ता माळावरूनच जातो आणि ‘फार इन’ नावाच्या जागी थांबतो, तिथून पायवाट सुरू होते. त्यांना तिथं सावकाश फिरता येईल. माळ आणि सांबरं तिथूनही मनसोक्त दिसतात.

हळदीकुंकू

आम्ही सासूबाई-मामंजींना घेऊन डोई इंथानोनला गेलो. थायलंडचं सर्वांत उंच शिखर, 2565 मीटर. चियांग माई शहरातून पहाटे निघालो. डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत, त्यामुळे चढायचं काही नाही. माथ्यावरून देखावा दिसेल म्हणाल तर तो नाही, चहूकडं झाडीच. पण थोडं खाली ‘आंग का’ नावाची लाकडी फळ्यांची वाट दलदलीवरून जंगलात शिरते. छोटीशी, सपाट. मामंजी काठी टेकत पूर्ण फिरले आणि प्रत्येक खोडाला हात लावून बघत होते.

माथ्यावर एक छोटं स्मारक आहे. चियांग माईचे राजे इंथविचयानोन 1897 साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी इथं आणल्या आणि डोंगराला त्यांचं नाव मिळालं. त्यांना या जंगलाची फार काळजी होती म्हणतात. शाहू महाराजांच्या गावच्या माणसाला राजानं रान आणि पाणी जपणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मामंजींनी तिथं चपला काढून नमस्कार केला.

उतरताना थायलंडच्या राजा-राणीच्या साठीनिमित्त 1987 आणि 1992 साली बांधलेले दोन स्तूप आहेत, भोवती फुलांचे ताटवे. सगळ्या बसगाड्या तिथंच थांबतात. मला मात्र ह्मोंग या डोंगरी जमातीच्या लोकांचा बाजार जास्त आवडला. या डोंगरांत पूर्वी अफू पिकायची. 1969 पासूनच्या राजप्रकल्पानं तिच्या जागी भाजी, फुलं, स्ट्रॉबेरी आणली. बाजारात बसलेल्या बाईंनी सासूबाईंना वाळवलेला आंबा चाखायला दिला आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता कितीतरी वेळ बोलत बसल्या.

अंगानं धडधाकट असाल तर क्यू मे पान ही पायवाट करा. पावसाळ्यात बंद असते आणि स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. ते योग्यच आहे, पैसा गावात राहतो.

गुळाची ढेप

करवीरताई, सुट्टी म्हणजे एप्रिल-मे ना? मग एक ध्यानात घ्या. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्ष असतं आणि सगळी श्रीलंका नुवारा एलियाला लोटते. खोल्यांचे भाव चढतात. हॉर्टन प्लेन्सला कोरडी, मोकळी हवा जानेवारी ते मार्चमध्ये. एप्रिलातच जाणं असेल तर नववर्षाचा आठवडा टाळा, दुपारी पाऊस येतो म्हणून रेनकोट घ्या, आणि नुवारा एलियात एक रात्र जास्तीची ठेवा, म्हणजे एक पहाट ढगात गेली तरी दुसरी हाताशी राहील.